बडोद्यात इटालियन ऑपेराची संध्याकाळ: सभागृहापासून वन्स मोरपर्यंत

ऑपेराचा कार्यक्रम ठरला की बहुतेक मंडळं आधी गायक शोधतात आणि सभागृह मिळेल ते घेतात. हा क्रम उलटा करावा. हे गाणं माइकशिवाय ऐकायचं असतं, त्यामुळे सभागृह चुकलं तर चांगल्यातला चांगला गळाही तिथं वाया जातो. दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे शब्द. इटालियन न कळणाऱ्या माणसाला पडद्यावर मराठी ओळी वेळेवर दिसल्या, तर तो दीड तास गुंतून बसतो. त्या नसल्या किंवा चुकीच्या वेळी आल्या, तर चौथ्या गाण्यापासून मोबाइल उजळायला लागतात. या दोन गोष्टींवर जितकी मेहनत घ्याल तितकी संध्याकाळ रंगेल.

सभागृह

ऑपेराच्या तयार गळ्यात 3000 हर्ट्झच्या आसपास एक जास्तीची ताकद असते. ऑर्केस्ट्राचा मुख्य जोर त्याच्या बराच खाली, 500 हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणूनच साठ-सत्तर वाद्यांवरूनही एकटा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. नेमकी हीच वरची कंपनं जाड मखमली पडदे आणि गालिचे शोषून घेतात. आपली नाट्यगृहं बोलण्यासाठी बांधलेली असतात आणि रंगमंच काळ्या पडद्यांनी वेढलेला असतो, त्यामुळे तिथं गाणं कोरडं वाटतं.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा आणि दुसऱ्या माणसाला शेवटच्या रांगेत उभं करा. टाळी तिथल्या तिथं मेली तर सभागृह कोरडं आहे. सव्वा ते दीड सेकंद रेंगाळली तर उत्तम. अडीच-तीन सेकंद घुमत राहिली तर पियानोचे जलद सूर एकमेकांत मिसळून लगदा होईल. लक्ष्मी विलास राजवाड्याचा दरबार हॉल आणि त्यातली व्हेनिसच्या धर्तीची मोझेक फरशी पाहिली की इटालियन गाणं अशाच जागी व्हावं असं कुणालाही वाटेल. पण दगड, काच आणि उंच छत यांच्या जागेत घुमणं फार होतं. अशी जागा घ्यायचीच असेल तर प्रेक्षक भरपूर हवेत (माणसं आणि त्यांचे कपडे आवाज चांगला शोषतात) आणि जलद गाणी कमी ठेवावीत.

पियानोच्या साथीनं, माइकशिवाय गायचं तर दोनशे ते चारशे खुर्च्यांची जागा बरी. अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहासारखं मोठं नाट्यगृह घेतलं तर तिकिटं पुढच्या भागापुरतीच काढा आणि बाल्कनी बंद ठेवा. कोरडेपणावर उपाय सोपा आहे. मागचा काळा पडदा वर ओढून घ्या आणि गायकांच्या मागे आठ-नऊ फुटांवर 8 बाय 4 फुटी, 12 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे पाच-सहा फ्लॅट उभे करा. ते सरळ रेषेत नकोत, किंचित वळवून, कमानीसारखे लावा. नाटकाच्या सेटवाल्याला हे काम तासाभराचं आहे. फ्लॅटच्या पायाला वजन ठेवायला सांगा आणि सैल फळी राहिली नाही ना ते ठोकून बघा. सैल प्लाय सोप्रानोच्या, म्हणजे बायकांतल्या सगळ्यात उंच गळ्याच्या, वरच्या सुराला खर्रर्र वाजतो.

एसी दोन तास आधी लावून हॉल गार करून घ्या आणि कार्यक्रम सुरू झाला की ब्लोअर सगळ्यात कमीवर आणा. थंड हवेचा झोत गायकांच्या अंगावर येत असेल तर तेवढा व्हेंट बंद करून घ्या. छताचे पंखे नकोतच.

तारीख निवडताना बडोद्याचं पंचांग बघावं लागतं. नवरात्रात सगळं शहर गरब्यात असतं, तेव्हा विचारही नको. नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत लग्नसराई असते आणि वरातीचा डीजे बंद दारातूनही आत येतो. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरता असतो. तेव्हा लग्नं नसतात, हवा कोरडी आणि थंड असते, परगावचे बडोदेकरही घरी आलेले असतात. हे चार आठवडे सगळ्यात चांगले. 14 आणि 15 जानेवारीला मात्र सगळे गच्चीवर असतील. पावसाळ्यात करू नये, कारण दमट हवेत पियानोचा सूर टिकत नाही.

गायक आणि पियानो

चार गळे पुरतात: सोप्रानो, मेझो-सोप्रानो (बायकांतला मधला गळा), टेनर (पुरुषांतला उंच) आणि बॅरिटोन (पुरुषांतला मधला). मुंबई, पुणे आणि गोव्याकडे पाश्चात्य पद्धतीनं शिकलेले गायक मिळतात. मुंबई सुमारे 390 किलोमीटर आहे, पण गायकांना आदल्या दिवशीच बोलवा. रात्रभर गाडीच्या एसीत कोरडा पडलेला गळा संध्याकाळी वरचा सूर देत नाही.

पाचवा कलाकार पियानिस्ट. त्याच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं, कारण तो एकटाच अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम करतो. त्याला ऑपेराच्या साथीचा अनुभव हवा. गायक कुठं श्वास घेणार, कुठं सूर लांबवणार हे ज्याला आधी कळतं तोच इथं उपयोगी. नुसता उत्तम एकल वादक अडतो. गायकांना आणि त्याला एकत्र बसायला निदान दोन तालमी द्या आणि कोणतं गाणं कोणत्या पट्टीत हे महिनाभर आधी लिहून घ्या. पुच्चीनीच्या ‘ला बोएम’मधलं टेनरचं गाणं पुष्कळ गायक अर्धा सूर उतरवून गातात. मूळ पट्टीत वरचा सूर तार सप्तकातला पांढरी एकचा सा येतो आणि तो सगळ्यांना रोज लागतोच असं नाही. उतरवण्यात कमीपणा काही नाही. पण ते कार्यक्रमाच्या दिवशी कळलं तर पियानिस्टकडं त्या पट्टीची पानं नसतात.

पियानो भाड्यानं आणायचा तर सहा फुटी ग्रँड पुरेसा आहे. त्याचं वजन तीनशे किलोच्या आसपास असतं. रंगमंचाची लाकडी जमीन तेवढा भार एका जागी पेलेल का ते विचारा आणि चाकांखाली प्लायचे जाड तुकडे ठेवा. पियानो निदान एक दिवस आधी जागेवर यायला हवा, म्हणजे तो तिथल्या हवेशी जुळतो. ट्यूनिंग कार्यक्रमाच्या दिवशीच करायचं, मध्य सप्तकातला ध (सा पांढरी एक धरून) म्हणजे ए 440 हर्ट्झला. ट्यूनरला दोन तास पूर्ण शांतता लागते. त्याच वेळी सुतार ठोकत असले आणि झाडू मारणारा खुर्च्या सरकवत असला, तर काम अर्धवट होतं आणि दोष मात्र ट्यूनरला लागतो. मध्यंतरात पुन्हा दहा मिनिटं त्याला थांबवून घ्या.

ग्रँड मिळालाच नाही तर सुरात असलेला अपराइटही चालतो. त्याचा आवाज मागून येतो, म्हणून पाठ पडद्याला न लावता तिरका ठेवा. स्पीकरमधून मोठा केलेला डिजिटल पियानो शेवटचा पर्याय. साथ स्पीकरमधून आणि गळा उघडा असेल तर कानाला दोन वेगळ्या जागी गाणं चालल्यासारखं वाटतं. तो वापरायचाच तर 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा घ्या आणि त्याचा स्पीकर पियानोच्याच खाली ठेवा, हॉलच्या यंत्रणेला जोडू नका.

काय गायचं

गाजलेल्या वीस गाण्यांची माळ लावण्यापेक्षा कमी गाणी आणि दोन पूर्ण प्रसंग घ्यावेत. संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला पद कुठल्या प्रवेशातलं आहे हे कळलं की त्याची गोडी वाढते. इथंही तेच होतं. चार गळ्यांत बसणारा एक क्रम असा:

पूर्वार्धाची सुरुवात रोस्सिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ (रोम, 1816) मधल्या फिगारोच्या ‘लार्गो अल फाक्तोतुम’नं करा. बॅरिटोन, पाच मिनिटं. फिगारोचा आवाज आधी आतून येतो आणि मग तो येतो, म्हणून गायकाला प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून गात आणता येतं आणि हॉल पहिल्या मिनिटाला जागा होतो. मग टेनरचं ‘उना फुर्तीव्हा लाग्रिमा’, दोनिझेत्तीच्या ‘लेलिझीर दामोरे’ (मिलान, 1832) मधलं, पाच मिनिटं. मग पुन्हा ‘सेव्हिलचा न्हावी’तलं, रोझिनाचं म्हणजे मेझोचं ‘उना व्होचे पोको फा’, सहा मिनिटं, आणि त्याला लागूनच रोझिना-फिगारोचं युगुलगीत ‘दुंक्वे इओ सोन’, पाच मिनिटं. टेनरला तेवढ्यात विश्रांती मिळते. शेवटी ‘ला बोएम’च्या पहिल्या अंकाचा शेवट, शेजारीण मिमी विझलेली मेणबत्ती पेटवायला कवी रोदोल्फोचं दार ठोठावते तिथपासून, साधारण अठरा मिनिटं.

उत्तरार्ध लहान हवा. बॅरिटोनचं ‘दी प्रोव्हेन्झा’ (‘ला त्राव्हियाता’, 1853), सोप्रानोचं ‘ओ मिओ बाब्बीनो कारो’ (‘जान्नी स्किक्की’, 1918), मेझोचं ‘स्त्रीदे ला व्हाम्पा’ (‘इल त्रोव्हातोरे’, 1853). मग ‘रिगोलेत्तो’चा (व्हेनिस, 1851) तिसरा अंक: टेनरचं ‘ला दोन्ना ए मोबिले’ आणि त्याच अंकातलं चौघांचं गाणं. शेवट ‘ला त्राव्हियाता’च्या पेल्याच्या गाण्यानं, ‘लिब्यामो’. टाळ्या, निवेदन आणि वीस मिनिटांचं मध्यंतर धरून दोन तासांच्या आत सगळं बसतं. सातला सुरू केलं तर नऊला माणसं घरी निघालेली असतात.

टेनरचं प्रसिद्ध ‘नेस्सुन दोर्मा’ का नाही, असं तुम्हाला निदान दहा जण विचारतील. ते गाणं जड गळ्याचं आहे. ‘उना फुर्तीव्हा लाग्रिमा’ला हलका, लवचीक टेनर लागतो. एकाच संध्याकाळी एकाच गायकाकडून दोन्ही मागितली तर एक तरी बिघडतं, आणि बहुधा तेच बिघडतं ज्यासाठी लोक आलेले असतात. ‘कार्मेन’ही या यादीत नको, ती फ्रेंच ऑपेरा आहे. मोझार्टचा ‘दोन जोव्हान्नी’ मात्र इटालियनमधलाच आहे, तो घ्यायला हरकत नाही.

संगीताच्या हक्कांची काळजी इथं फारशी नाही. भारतात हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. या यादीतला सगळ्यात अलीकडचा संगीतकार पुच्चीनी, तो 1924 साली गेला. शब्दांचा हक्क मात्र लेखकाचा असतो, आणि ‘जान्नी स्किक्की’चे शब्द लिहिणारा फोर्त्सानो 1970 साली गेला, तेवढ्या गाण्याचं आधी विचारून घ्या. आणि गायन न ठेवता एखाद्या ऑपेरा हाउसच्या चित्रित प्रयोगाचं प्रदर्शन करायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

‘ला बोएम’चा प्रसंग कसा मांडायचा

एक टेबल, दोन खुर्च्या, दोन मेणबत्त्या, एक किल्ली. मेणबत्त्या बॅटरीच्या घ्या, कारण त्या ठरलेल्या सुराला विझायला हव्यात आणि खरी ज्योत एसीच्या वाऱ्यानं आधीच विझते. दारावरची थाप विंगेत लाकडी फळीवर मारा. टेबलावर थाप मारली तर ती खोलीच्या आतली वाटते.

या प्रसंगाचे शेवटचे सूर दोघं बाहेर पडल्यावर, आतून गातात. मखमली विंगेत शिरले की आवाज एकदम नाहीसा होतो आणि अख्ख्या प्रसंगावर पाणी पडतं. म्हणून त्या बाजूची पहिली विंग काढून ठेवा आणि गायकांना पाच-सहा फुटांपेक्षा आत जाऊ देऊ नका, तोंड रंगमंचाकडे. बाहेर पडायची बाजूही ठरलेली हवी. ग्रँड पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडलेलं असलं की पियानिस्ट प्रेक्षकांच्या डाव्या हाताला बसतो आणि त्याचं तोंड उजवीकडे असतं. गायक उजव्या विंगेत गेले तर तो त्यांना बघत शेवटचा सूर एकत्र सोडू शकतो. डावीकडे गेले तर ते त्याच्या पाठीमागे जातात आणि शेवट अंदाजानं होतो. झाकण छोट्या काठीवर ठेवा. पूर्ण उघडलं तर मेझोचे खालचे सूर दबतात.

मराठी ओळी

पडदा रंगमंचाच्या वर हवा, बाजूला नको, म्हणजे गायकाचा चेहरा आणि ओळ एकाच नजरेत येतात. काळ्यावर पांढरी अक्षरं, एका पानावर दोनच ओळी, ओळीत तीस-पस्तीस अक्षरं. प्रत्येक पान निदान चार-पाच सेकंद राहिलं पाहिजे. गायक तेच शब्द पुन्हा गात असेल तर पान बदलू नका, दुसऱ्यांदा पडदा कोरा ठेवा. बडोद्यात निम्मा हॉल गुजराती असतो. पडद्यावर दोन भाषा घातल्या तर अक्षरं बारीक होतात आणि कुणालाच धड वाचता येत नाही. त्यापेक्षा प्रसंगांचा सारांश गुजरातीत छापून हातात द्या आणि प्रेक्षागृहात तो वाचण्याइतका मंद उजेड राहू द्या.

खरी कसोटी ओळ कुठं तोडायची याची आहे. ‘ला बोएम’मध्ये रोदोल्फो स्वतःची ओळख सांगतो: मी कोण? कवी. काय करतो? लिहितो. आणि जगतो कसा? जगतो! हे सगळं एका पानावर टाकलं तर गायक ‘लिहितो’वर असतानाच हॉल हसतो आणि त्याचा शेवटचा शब्द हशात बुडतो. तीन पानं करा, आणि शेवटचं ‘जगतो!’ तो शब्द गायला लागल्यावरच येऊ द्या.

पुढं याच गाण्यात सगळ्यात वरचा सूर ‘आशा’ या शब्दावर आहे. ‘आता तिथं आशा राहायला आली आहे’ असं लिहिलं तर शब्द मधेच येऊन जातो आणि सूर लागतो तेव्हा प्रेक्षक क्रियापद वाचत असतो. ‘तिथं आता राहायला आली आहे, बघ, आशा’ असं लिहा, सूर आणि शब्द एकदम भेटतात. सगळ्या ओळी अशा जुळवण्याची गरज नाही, पण प्रत्येक गाण्याच्या शिखरावरची एक ओळ तरी जुळलीच पाहिजे.

‘रिगोलेत्तो’च्या चौघांच्या गाण्यात चार जण एकाच वेळी चार वेगळ्या गोष्टी म्हणतात. खानावळीच्या आत ड्यूक माद्दालेनाला गळ घालतोय, ती त्याला हसतेय. बाहेर ड्यूकवर जीव जडलेली जिल्दा फटीतून ते बघून कोसळतेय आणि तिचा बाप रिगोलेत्तो ‘मी सूड घेईन’ असं तिला सांगतोय. चारही मजकूर दाखवायचा प्रयत्न करू नका. जो तो पहिल्यांदा एकटा येतो तेव्हा त्याची एक ओळ नावासकट दाखवा, आणि चौघं एकत्र आले की पडदा कोरा. आतली जोडी आणि बाहेरची जोडी यांच्यात एक नुसती लाकडी चौकट उभी केली आणि दोन्हीकडचा उजेड वेगळा ठेवला की प्रसंग डोळ्यांनीच कळतो.

पानं सरकवणाऱ्याला युरोपियन स्वरलिपी वाचता यायला हवी. संगणक येणं दुय्यम आहे. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या काळात दरबारी गायक मौलाबक्षांच्या गायनशाळेनं सुरू झालेली संगीतशिक्षणाची परंपरा आज विद्यापीठात आहेच, पण तिथले विद्यार्थी बहुतेक आपली लिपी शिकतात. पियानो शिकणारा एखादा मुलगा किंवा चर्चच्या कॉयरमधली मुलगी गाठा. तिच्या प्रतीत प्रत्येक पानाचा आकडा नेमक्या सुरावर पेन्सिलीनं लिहा आणि तिला तालमींना बसवा. रेकॉर्ड ऐकून सराव केला तर पुरत नाही, कारण प्रत्यक्षात गायक सूर वेगळाच लांबवतो.

त्या दिवशी

सकाळी दहापर्यंत फ्लॅट, उजेड आणि पडदा तयार. अकरा ते एक ट्यूनर, दुसरं कुणी नाही. दोन ते चार तालीम. यात गायक अर्ध्या आवाजात गातील, त्यांना पूर्ण आवाज लावायचा आग्रह करू नका. फक्त ‘ला बोएम’चा शेवट आणि चौघांचं गाणं एकदा पूर्ण आवाजात करून शेवटच्या रांगेतून ऐका. चारच्या सुमारास हलकं जेवण: वरण-भात, साधी भाजी. बडोद्याची सेव-उसळ पाहुण्यांना जरूर खाऊ घाला, पण कार्यक्रमानंतर. तिखट आणि तेलकट पोटातून वर येतं आणि गळा जाळतं. पिण्याचं पाणी साधं, बर्फाचं नको.

गायक साडेसहाला गळा तापवायला लागतात आणि सातला तयार असतात. इथंच आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम घसरतात. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, अध्यक्षांचं मनोगत, आणि पावणेआठला थंड पडलेला बॅरिटोन रंगमंचावर येतो. भाषणं सगळी मिळून पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. मान्यवरांचा सत्कार मध्यंतरानंतर ठेवा. समई बाहेरच्या दालनात लावा आणि उदबत्ती अजिबात नको, धुरानं गळा लगेच धरतो. उग्र वासाची फुलंही शेवटीच द्या.

निवेदन प्रत्येक प्रसंगाआधी एक मिनिटाचं असावं: कोण, कुठं, काय अडलंय. उशिरा येणाऱ्यांना दोन गाण्यांच्या मधेच आत सोडा. मध्यंतरात लीलो चिवडा ठेवलात तर कागदी द्रोणात द्या, कुरकुरणाऱ्या पिशव्या आत जाऊ देऊ नका.

दाद कशी द्यायची हे निवेदनात सांगून टाकावं, म्हणजे लोक अवघडत नाहीत. आपल्याला जागेवर ‘वा!’ म्हणायची सवय आहे. इथं ती गाणं संपेपर्यंत धरून ठेवायची, आणि पियानोचे शेवटचे सूरही वाजू द्यायचे. मग हवी तेवढी मोठी दाद: पुरुषाला ‘ब्राव्हो’, बाईला ‘ब्राव्हा’, सगळ्यांना मिळून ‘ब्राव्ही’. वन्स मोर इटालियन रंगभूमीलाही परका नाही, तिथं ‘बिस’ म्हणून ओरडतात. म्हणून एक जास्तीचं गाणं आधीच ठरवून ठेवा. ‘ओ सोले मिओ’ सोयीचं पडतं. ते ऑपेरातलं नाही, नेपल्सचं लोकप्रिय गीत आहे, पण चौघांना कडवी वाटून घेता येतात आणि गळ्यावर ताण येत नाही. त्याचीही पानं पियानिस्टच्या स्टँडवर आणि ओळी पडदेवाल्या मुलीकडं तयार असू द्या, आणि घोषणा मात्र टाळ्या खरोखर थांबत नसतील तरच करा.